गिटारच्या पेटीतला कापूर

आमच्या वॉटफर्डच्या घरात सोवळं-ओवळं कुणी पाळत नव्हतं. नवरा पारोशानेच देवासमोर उदबत्ती लावायचा आणि मी चपला घालून स्वयंपाकघरात वावरायचे. पण त्याच घरात एका गिटारचं सोवळं मात्र कडक होतं. तिला रबर चालत नसे, प्लास्टिक चालत नसे. ऊन, रेडिएटर, सेंटचा फवारा, हाताला लावायचं क्रीम, काही म्हणजे काही चालत नसे. भांडी घासून, हाताला क्रीम चोळत मी तिच्या जवळून गेले तरी नवरा "हात, हात!" करून ओरडायचा. मग मीही मुद्दाम दोन्ही हात वर करून, पोलिसांना शरण आलेल्या चोरासारखी पुढे जायचे.

हे सगळं तिच्या लाकडावरच्या लेपामुळे. नायट्रोसेल्युलोज लॅकर असं त्याचं भारदस्त नाव, पण नवरा लाडाने नुसतं 'नायट्रो' म्हणायचा. हल्लीच्या बहुतेक गिटारींवर टणक थर असतो, त्यावर काही सांडा, काही ठेवा, ढिम्म फरक पडत नाही. हे जुनं लॅकर कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ, आणि म्हणे किती वर्षं झाली तरी पुरतं पक्कं होतच नाही. रबराच्या स्टँडवर ठेवलं तर विरघळून त्याला चिकटतं. प्लास्टिकचा पट्टा अंगावर राहिला तर त्याचा डाग उमटतो. गारठ्यातून एकदम उबेत आणलं तर तडकतं. "इतकी नाजूक वस्तू करायचीच कशाला मग?" असं मी एकदा विचारलं होतं. नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की तो विषय मी पुन्हा काढला नाही.

गिटार त्याच्याहून वयाने मोठी होती. सॉफ्टवेअरच्या नोकरीवर या देशात आल्यावर स्वतःसाठी म्हणून त्याने घेतलेली ही पहिली वस्तू. एका म्हाताऱ्या इंग्रज गृहस्थाकडून घेतली, आणि त्या गृहस्थाने निरोप देताना मुलगी सासरी पाठवावी तशा सूचना दिल्या. लॅकर जुनं होऊन मधासारखं पिवळसर झालं होतं आणि ते खरंच सुंदर दिसायचं, हे मी त्याच्यासमोर कधी कबूल केलं नाही. तो चार गाणी वाजवायचा. चारही सुरू व्हायची, संपायचं एकही नाही. एकूण वाजवणं कमी आणि पुसणं जास्त.

मी बाबांना बोलावलं ते याच घरात. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये बाबा एकटेच कुकर लावत होते आणि फोनवर विचारलं की "मजेत" म्हणत होते. आमचे बाबा 'मजेत' म्हणणाऱ्यांतले नव्हेत. आई असताना विचारलं तर "गुडघा दुखतोय, पेपरवाला उशिरा येतो, तुझी आई ऐकत नाही" अशी तक्रारींची माळ सुरू व्हायची. ती माळ बंद झाली म्हणून मी घाबरले. व्हिजिटर व्हिसावर सहा महिने आणायचं आणि या सहा महिन्यांत त्यांना हे घर आपलं वाटायला लावायचं, असं मी ठरवलं. लेकीचं किंवा जावयाचं म्हणून नव्हे, आपलं म्हणून. तसं वाटलं तर ते दरवर्षी येतील. नाही वाटलं तर पाहुण्यासारखे राहतील, आभार मानतील आणि परत त्या कुकरपाशी जाऊन बसतील. नवऱ्याला मी हे स्पष्ट सांगितलं होतं. "अगं, बाबा माझेही आहेत," तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला.

बाबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. तरुणपणी ऑफिसच्या ऑर्केस्ट्रात ते हवाईन गिटार वाजवायचे. ती आपल्या नेहमीच्या गिटारसारखी छातीशी धरत नाहीत. मांडीवर आडवी ठेवतात आणि तारांवर स्टीलचा रॉड फिरवतात. मग सूर असा घसरत जातो की ऐकणाऱ्याच्या तोंडात गाण्याचे शब्द आपोआप येतात. गणपतीत, लग्नाच्या स्वागत समारंभात बाबांनी सिनेमाची गाणी वाजवली आणि लोकांनी मान डोलावत आइस्क्रीम खाल्लं, हे माझ्या लहानपणीचं पक्कं चित्र आहे. आईच्या आजारपणात तिला आवाज सोसेना, तेव्हा त्यांनी गिटार कुणाला तरी देऊन टाकली. कुणाला दिली हे मी विचारलं नाही. त्या दिवसांत दुसरंच बरंच काही विचारायचं होतं.

गणपती विसर्जन उरकून बाबा आले. घरातली लहान खोली त्यांना दिली आणि त्यांच्या पलंगाखालीच ती गिटार, तिच्या मखमल लावलेल्या पेटीत होती, कारण घरातली सर्वांत सम हवा तिथली, असं नवऱ्याचं संशोधन होतं. पहिल्याच शनिवारी त्याने ती काढून बाबांना दाखवली आणि नायट्रोचं सगळं प्रवचन ऐकवलं. मी कांदा चिरता चिरता कान देऊन होते. इतक्या वर्षांत ते प्रवचन शेवटपर्यंत ऐकणारा पहिलाच श्रोता त्याला भेटला होता.

"म्हणजे पॉलिश नव्हे हे," बाबा म्हणाले. "आमच्या वेळी फ्रेंच पॉलिश असायचं."

"नाही बाबा, हे टोटली वेगळं. धिस थिंग ब्रीद्स."

"श्वास घेते म्हणा की!" बाबांनी चष्मा वर करून, हात पाठीमागे बांधून तिच्याकडे वाकून पाहिलं. संग्रहालयात उभे असल्यासारखे. त्यांनी हात लावला नाही. नवऱ्याने "घ्या ना" म्हटलं नाही. मला वाटलं, आज नाही तर उद्या कुणीतरी म्हणेल. घर आपलंच आहे, दिवस पुष्कळ आहेत.

पुढच्याच आठवड्यापासून नवऱ्याचं लीड्सच्या क्लायंटकडे जाणं सुरू झालं. दर सोमवारी पहाटेची ट्रेन, शुक्रवारी परत. मी दिवसभर कामावर. बाबा दिवसभर घरात. ते लायब्ररीत जाऊन इंग्रजी पेपर वाचायचे, बागेत फेरी मारायचे, संध्याकाळी माझी वाट पाहत डाळ शिजवून ठेवायचे. एक दिवस घरी आले तर माझं लोकरीचं जॅकेट त्यांनी खिडकीच्या उजेडात धरलेलं. बारीक बारीक भोकं पडली होती.

"कसर लागलीय तुमच्या घराला," ते म्हणाले. "विलायतेत कसर असते हे मला माहीत नव्हतं."

मला त्यातलं 'तुमच्या' खटकलं. बाकी कसरीचं काही विशेष वाटलं नाही.

दोन दिवसांनी जेवताना त्यांनी सांगितलं, "जावईबापूंच्या गिटारच्या पेटीत कापूर ठेवलाय मी. मखमलीला कसर लागली म्हणजे संपलंच. माझ्या पेटीत जन्मभर कापूर असायचा, एक धागा कुरतडलेला दाखव." पूजेसाठी पुण्याहून आणलेल्या कापराच्या वड्या. त्या त्यांनी नुसत्या टाकल्या नव्हत्या. आपल्या जुन्या धुतलेल्या रुमालाचे तुकडे करून पुरचुंड्या बांधल्या होत्या, एक मानेखाली, दोन अंगाच्या कडेला, म्हणजे वडी लाकडाला लागायला नको. वर पेटीचं झाकण घट्ट लावलं होतं, वास उडू नये म्हणून.

"बरं केलंत," मी म्हटलं. का नाही म्हणणार? माझ्या साड्यांच्या कपाटात आईने तेच केलं होतं. नवऱ्याच्या सोवळ्याच्या नियमांत रबर होतं, प्लास्टिक होतं, माझं हाताचं क्रीमसुद्धा होतं. कापूर नव्हता. उलट मला बरंच वाटलं. या घरातल्या एका वस्तूची काळजी बाबा न विचारता, आपण होऊन घेत होते. घर आपलं वाटायला लागलं की माणूस असंच वागतो, असं म्हणून मी त्या दिवशी डाळ दोनदा वाढून घेतली.

दसरा रविवारी आला होता. त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा करायची. आमच्याकडे हत्यार म्हणजे दोन लॅपटॉप आणि एक स्क्रूड्रायव्हर. बाबा म्हणाले, "वाद्याचीही करतात. गिटार मांडू या का?" नवरा खूष झाला. धावत वर जाऊन पेटी घेऊन आला, पाटासमोर ठेवली आणि झाकण उघडलं.

आधी वास आला. देवळाच्या गाभाऱ्यात यावा तसा, पण डोळ्यांत झोंबणारा. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मग तो गिटार उचलायला गेला तर ती सुटेना. पेटीसकट वर आली. जरा जोर लावल्यावर सावकाश चर्र असा आवाज झाला, जखमेवरची पट्टी काढताना होतो तसा, आणि ती सुटली. तिच्या पाठीवर निळ्या मखमलीची लव चिकटली होती. मधाचा रंग मेला होता, त्या जागी मखमलीची वीण उमटली होती, आणि जिथे त्याने धरलं होतं तिथे त्याच्या बोटांचे ठसे रुतून बसले होते.

बाबांच्या हातात हळदीकुंकवाचं तबक होतं. "काय झालं?" त्यांनी विचारलं. त्यांनी तबक खाली ठेवलं, पुढे येऊन वास घेतला, पाठ पाहिली, आपल्या रुमालाच्या पुरचुंड्या पाहिल्या. त्यांना सांगावं लागलंच नाही.

"असू दे, बाबा," नवरा म्हणाला. "इट्स फाइन."

तो ओरडला असता तर मी भांडले असते. मला भांडता येतं, त्यात मी कुणाला हार जात नाही. पण तो ओरडला नाही. गिटार हातात तशीच उचलून धरून, तिला कशावर ठेवायची हे न कळून, पाटासमोर उभा राहिला. आम्ही लॅपटॉपची पूजा केली. बाबांनी आरती म्हटली आणि कापूर लावायची वेळ आली तेव्हा नुसती निरांजनाची वात फिरवली.

दुपारी नवरा इंटरनेटवर गिटारवाल्यांच्या फोरमवर बसला. तिथे जगभरचे लोक एकमेकांना ठाऊक नसलेल्या माणसांच्या गिटारींवरून हमरीतुमरीवर येत असतात. आमच्या देव्हाऱ्यातल्या कापरावर त्यांची लगेच चर्चा जुंपली. एकाने लिहिलं की पूर्वी कंगवे, बाहुल्या, सिनेमाची रिळं ज्या पदार्थाची करायचे तो याच नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर कालवून होत असे. कापराने हे मऊ पडतं, त्याचा धर्मच तो. घट्ट पेटीत कोंडलेल्या वाफेने लॅकर पुन्हा ओलं झालं. दुसऱ्याने हसण्याचं चित्र टाकलं. उपाय सगळ्यांनी एकच सांगितला: काही करू नका. पुसू नका, घासू नका, तापवू नका. सगळ्या बाजूंनी हवा लागेल अशी टांगून ठेवा. महिनोन्‌महिने लागतील, वास हळूहळू जाईल, लॅकर परत टणक होईल. डाग मात्र त्यातच गोठतील.

काही करू नका! आमच्यासारख्या माणसांना याहून मोठी शिक्षा नाही.

टांगायची कशी, हा प्रश्न होता. रबर नको, प्लास्टिक नको, रंगीत दोरी नको. बाबांनी आपल्या नव्या कोऱ्या पायजम्याची सुती नाडी ओढून काढली आणि पुढे केली. लहान खोलीच्या छताच्या तुळईला हूक मारून त्या नाडीने गिटार टांगली. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही खाली बैठकीत झोपा, तिथे सोफा-बेड आहे."

"नको. मी बघतो तिच्याकडे," ते म्हणाले.

आणि ते खरंच बघत बसले. आधी लायब्ररीत जायचे, ते बंद झालं. पलंगावर बसून तिच्याकडे तोंड करून असायचे. मी कामावरून आले की पहिला अहवाल तिचा. "आज वास किंचित कमी वाटतो." जेवताना त्यांनी दुसरं काही बोलावं म्हणून मी काय काय विषय काढले, पुण्यातल्या शेजाऱ्यांच्या भांडणांपर्यंत गेले, पण ते "हं" म्हणायचे आणि वर पाहायचे. खोली वर होती ना.

नोव्हेंबर लागला आणि कडाक्याची थंडी पडली. नवरा सोमवारी निघताना मला दारात म्हणाला होता, "वरच्या रूममध्ये हीटिंग जास्त नको हं." नेहमीचं वाक्य. बाबा जिन्यात उभे होते.

त्या आठवड्यात बाबा खोकायला लागले. मी काढा दिला, गोळ्या दिल्या. गुरुवारी संध्याकाळी त्यांना जेवायला बोलवायला वर गेले आणि दार उघडलं तर आतून हिवाळा अंगावर आला. रेडिएटरचा नॉब शून्यावर. खिडकी बोटभर उघडी, वास जायला म्हणून. खिडकीच्या चौकटीवर पांढरं दव गोठलेलं. आणि बाबा पलंगावर, कानटोपी, मफलर, दोन स्वेटर, वर माझ्या आईची शाल, दोन्ही पाय पोटाशी घेऊन बसलेले. ओठ निळसर पडले होते.

"कधीपासून आहे असं?" मी विचारलं.

"अगं, तिला ऊब सोसत नाही. जावईबापूंनी सांगितलंय."

"आणि तुम्हाला?"

"मला काय होतंय? मी आपला पांघरून बसतो."

माझा तोल सुटला. "जावईबापू गेले खड्ड्यात!" मी किंचाळले. खिडकी आपटली. रेडिएटर पूर्ण उघडला. खालून पंख्याचा हीटर आणला, त्यांच्या पायांकडे तोंड करून लावला. "अगं नको, अगं हळूहळू तरी," बाबा म्हणत होते, उठायला बघत होते, मी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. एकदम ऊब लागली तर लॅकरचं काय होतं ते मला ठाऊक होतं. ते प्रवचन मी शंभरदा ऐकलं होतं. पण माझा बाप थंडीने कुडकुडत होता, आणि आजही कुणी मला त्या खोलीत नेऊन उभं केलं तर मी तो नॉब तसाच फिरवीन.

खोली तापली. बाबांच्या चेहऱ्यावर रंग आला. मी त्यांना गरम सार पाजत होते तेव्हा वरून आवाज आला. टिक. अगदी बारीक, नख तोडल्यासारखा. मग आणखी एक. गिटारच्या पुढच्या अंगावर, जिथे कापराने काहीच केलं नव्हतं, जिथे मध अजून मध होता, तिथे केसाएवढी रेघ सरकत गेली. मग तिला छेदून दुसरी. माझ्या हातातलं सार तसंच राहिलं. हीटर बंद करावा तर परत गारठा, चालू ठेवावा तर ऊब. ते उठून तिच्यापाशी गेले, दोन्ही तळवे तिच्या दोन बाजूंना धरून उभे राहिले, न टेकवता. पडणाऱ्या मुलाला सावरायला धरतात तसे. पण ती काही पडत नव्हती. ती नुसती तडकत होती आणि आम्ही दोघं ऐकत होतो.

मी नवऱ्याला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पुढच्या साइडला? किती?" आणि त्यानंतर, "बाबा कसे आहेत?" दुसऱ्या दिवशी सकाळीच तो लीड्सहून निघून आला, खोकल्याचं औषध, मध, लोकरीचे मोजे घेऊन. बाबांच्या पलंगाशी बसून त्यांचे पाय त्याने स्वतः चोळले. "बाबा, वस्तू आहे ती फक्त," तो म्हणाला. "हो, वस्तूच की," बाबा म्हणाले. दोघंही खरं बोलत होते आणि मला त्या दोन प्रश्नांचा क्रम काही विसरता येत नव्हता. त्याच्या जागी कुणीही असता तरी तेच विचारलं असतं, हे मला कळतं. कळून काय उपयोग?

त्यानंतर बाबा बदलले. "चहा करू का?" विचारायला लागले. टीव्ही लावू का, दिवा राहू दे का, खिडकी उघडली तर चालेल का. एकदा मी अंघोळीहून येईपर्यंत ते भुकेले बसून होते, कारण डब्यातला शेवटचा चिवडा घ्यावा की नाही हे विचारायचं राहिलं होतं. मी चिडायचे, मग रडायचे, मग माफी मागायचे, आणि ते माझी समजूत काढायचे, अगदी परक्या माणसाच्या नम्रतेने. जे व्हायला नको म्हणून मी त्यांना इतक्या लांब आणलं होतं, नेमकं तेच माझ्या डोळ्यांदेखत होत होतं. तेही कुणाचं काही न चुकता. चुकलं असतं तर दुरुस्त तरी करता आलं असतं.

निघायची वेळ आली. मी त्यांची बॅग भरायला घेतली आणि तळाशी, फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड हाताला लागलं. उघडलं तर स्टीलचा रॉड. सोबत बोटांत घालायच्या तीन नख्या. रॉड लख्ख होता, येण्याआधी कुणीतरी घासूनपुसून ठेवलेला.

"हा कशाला आणला होतात?" मी विचारलं. उगाच विचारलं.

"असाच. म्हटलं, जावईबापूंकडे गिटार आहे, असावा जवळ."

सहा महिने तो रॉड त्या गिटारपासून दोन हातांवर बॅगेत पडून होता. नवरा दारात उभा होता. तो वर गेला, नाडी सोडली, गिटार आणली आणि बाबांच्या मांडीवर आडवी ठेवली. "वाजवा, बाबा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. हात बाह्यांत ओढून घेतले. "नको हो. रॉड घसरला तर ओरखडा जाईल."

"जाऊ दे ना," नवरा हसून म्हणाला. "आता आणखी काय व्हायचंय तिचं?"

तो प्रेमानेच म्हणाला, देवाशपथ. पण बोललेलं वाक्य परत घेता येत नाही. बाबांनी हसून मान हलवली, "तेही खरंच," म्हणाले, आणि रॉड फडक्यात गुंडाळून बॅगेत सारला.

पुण्याला पोचल्यावर पहिल्या फोनवर त्यांचा पहिला प्रश्न होता, "वास गेला का?" दर रविवारी तोच. पुढे खरोखरच गेला तेव्हा मी सांगितलं. मग म्हटलं, "आता या ना परत. या सप्टेंबरला तिकीट काढते."

"ती बरी झाली की येतो," बाबा म्हणाले, थट्टेत म्हणावं तसं. फोन स्पीकरवर होता. नवऱ्याने ऐकलं.

त्या महिन्यात तो गिटार घेऊन मँचेस्टरच्या एका कारागिराकडे गेला. जुन्या गिटारचं मूळ लॅकर खरवडून काढणं म्हणजे गिटारवाल्यांत महापाप. डाग असोत, भेगा असोत, मूळ ते मूळ. फोरमवर सगळ्यांनी त्याला तेच बजावलं होतं आणि माझ्या हाताच्या क्रीमला घाबरणाऱ्या या माणसाने ते सगळं लॅकर खरवडायला सांगितलं. वर नवा, टणक, हल्लीचा थर. शिवाय तारांखालची पट्टी बदलून तारा उंच करून आणल्या, म्हणजे गिटार मांडीवर ठेवून रॉडने वाजवता येईल. तशी ती आता छातीशी धरून वाजवताच येत नव्हती. त्याची स्वतःची चार अर्धी गाणीही गेली. मी लग्न केलं त्या माणसाचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला, आणि मी त्याला तसं सांगितलंही.

आम्ही तिचा फोटो काढून पुण्याला शेजाऱ्यांच्या ईमेलवर पाठवला. नवी कोरी, आरशासारखी. रविवारी बाबांना फोन केला.

"छान झालीय," ते म्हणाले. मग हळूच, "सगळंच खरवडायला लागलं का गं?"

मी तारांचं सांगितलं. तुमच्यासाठी उंच केल्या, म्हटलं. "अरेरे, कशाला केलं एवढं," ते म्हणाले. "मधासारखा रंग होता तिचा." त्या सप्टेंबरला त्यांचा गुडघा दुखत होता. पुढच्या सप्टेंबरला डॉक्टर विमान नको म्हणाले. त्यानंतर मी विचारणं सोडलं.

गिटार आता बैठकीत असते, रबराच्या स्टँडवर, रेडिएटरच्या शेजारी. माझी पर्स कधी कधी तिच्या मानेला लटकते. रविवारी फोनवर बाबा अजून विचारतात, "गिटारला काही झालं नाही ना?"

"नाही, बाबा. तिला आता काहीच होत नाही."

"मग बरं," ते म्हणतात.